बत्तीस बोअर

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

पोलीस स्टेशनात आज पुन्हा तोच प्रश्न. कुलूप तुटलेलं नाही, कडी वाकलेली नाही, मग चोर आत आला कसा? हे मला विचारतात. मी त्या वेळी हजीऱ्याला प्लांटमध्ये प्रेशर गेज तपासत होते. मला कसं माहीत असणार? शोधायचं काम कोणाचं आहे?

उत्तरायणाला अख्खं सुरत गच्चीवर असतं. आमची दिंडोलीची गल्लीही वरच होती. स्पीकर, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, आणि खाली घरं ओस. माझी पहिली पाळी होती, आमच्या प्लांटला पतंगाची सुट्टी नसते. बाबा एकटे होते. कोणीतरी शिरलं, त्यांना ढकललं, कपाट साफ केलं. आईची पोत, कानातले, चांदीच्या पाटल्या, सगळं गेलं. आई गेल्यापासून बाबा त्या वस्तू अधूनमधून काढून पुसून ठेवायचे. तेवढाच त्यांचा देव होता म्हणायचा.

शेजारच्या वत्सलामावशी संध्याकाळी गच्चीवरून उतरल्या तर बाबा उंबऱ्यावर बसलेले. कपाळाला रक्त, मनगट सुजून लोंबतंय. मावशींना म्हणाले, “गाडी लेट हाय का?” मार बसला की माणूस काहीही बोलतो.

बाबा आधी म्हणाले दोघं होते. आज म्हणाले एकच होता. जमादाराने पेन खाली ठेवलं आणि हसला. “दादाने कंई याद नथी, बेन.” म्हणे दादांना काही आठवत नाही.

मी म्हटलं, तुमच्या बापाच्या कपाळावर टाके पडू देत, मग त्यांना विचारा किती जण होते. लेडीज कॉन्स्टेबलने मला दंडाला धरून बाहेर नेऊन बसवलं.

१९ जानेवारी, रविवार

लोकेश वापीहून आला. येताना संत्री आणि सल्ले घेऊन आला. जाळीचं दार बसव. कॅमेरा बसव. मग चहा पिताना हळूच, “ताई, बाबांना एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवू या का?”

“मनगट मोडलंय, मेंदू नाही.”

“मला वाटतंय, आधीपासूनच थोडं बिनसलंय. दिवाळीत मला विचारत होते, शाळा कधी सुरू होणार.”

“चेष्टा करत असतील.”

“बाबा चेष्टा करतात?”

मी कप धुवायला उठले. याला बाबांना वेडा ठरवायचं आहे, म्हणजे वर्षात दोनदा संत्री आणली की काम झालं. बाबा रेल्वेत चाबीवाला होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज मैलोन्‌मैल रुळांवरून चालायचे, प्रत्येक स्लीपरवर रूळ धरून ठेवणारी चावी घट्ट आहे की नाही बघायचे. त्यांच्या बीटमध्ये, नेमून दिलेल्या पट्ट्यात, कधी गाडी घसरली नाही. अशा माणसाचा मेंदू म्हणे.

लोकेश गेल्यावर ठरवलं. जाळी नको, कॅमेरा नको. कॅमेरा फक्त बघतो. मला पिस्तूल पाहिजे.

लिहून ठेवलं म्हणजे माघार घ्यायची नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

रायफल क्लबला नाव घातलं. शिकवणारे योगराज सर अमळनेरकडचे, फौजेतून आलेले. मराठी ऐकून खूश झाले. मी आधीच सांगून टाकलं की मला मेडल नको, मला घरासाठी लायसन्स काढायचं आहे. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं म्हणून आले.

“आधी छर्ऱ्याचं पिस्तूल हातात धरा,” ते म्हणाले. “घर कुठे पळून जात नाही.”

सगळे छर्रे खाली, डावीकडे. सरांनी कार्ड जवळ घेऊन पाहिलं.

“चापावर राग काढताय. उजव्या हाताने चाप झटकला की नळी खाली डावीकडेच जाते. कोणावर आहे एवढा?”

मी म्हटलं, यादी मोठी आहे.

हसले नाहीत. म्हणाले, “चाप दाबायचा नसतो, दाबत आणायचा असतो. कधी सुटला ते तुम्हालाही कळता कामा नये.”

घरी आले तर गॅस चालू, वर काहीच नाही. बाबा अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलेले. हाताला प्लास्टर असलेल्या माणसाला चहा करून द्यायला गल्लीत कोणी नाही. जयंतीची वर्गणी मागायला बरे दारात उभे राहतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी होती, हत्यारांच्या दुकानात गेले. लायसन्स नाही तर विकत मिळत नाही, पण बघता येतं. काय घ्यायचं ते ठरलेलं असलं म्हणजे नंतर वेळ जात नाही.

काउंटरच्या काचेत सगळं मांडलेलं. शेठने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी पुरुष नव्हता म्हणून नाइलाजाने माझ्याशी बोलला. बोलता बोलता एक तळहाताएवढं पिस्तूल काढून मखमलीवर ठेवलं.

“ये देखो बेन. लेडीज के लिए बेस्ट. पर्स में आ जाएगी.”

मी म्हटलं, पर्ससाठी नको. रेंजवर चालवायचं आहे आणि घरात ठेवायचं आहे. मोठं दाखवा, पूर्ण मापाचं.

“बडी वाली भारी पडेगी. स्लाइड नहीं खिंचेगी आपसे.”

मी रोज पाना लावून व्हॉल्व्ह उघडते, तेही उन्हात तापलेले. म्हटलं, आधी काढा तर. त्याने रिकामं करून दिलं. मी नळी भिंतीकडे धरली आणि वरची स्लाइड मागे ओढली. खाटकन आवाज झाला. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. शेठने दुसरं दिलं, तेही ओढलं.

मग माणसासारखा बोलायला लागला. नऊ एमएम आपल्याला मिळत नाही, ते सरकारचं. आपल्याला बत्तीस बोअर. त्यात रिव्हॉल्व्हर घ्या, अडकत नाही, भानगड नाही. पण रिव्हॉल्व्हरचा चाप इतका जड की दाबताना नळी हलते. छोट्या पिस्तुलाच्या मुठीवर माझी करंगळी हवेत राहते. मोठ्यात सगळी बोटं बसतात, वजन हातात खाली टेकतं, आणि नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेपासून लांब असल्याने नेम चुकला की लगेच दिसतं. हे सगळं सरांनी आधी सांगितलं होतं. हातात घेतल्यावर पटलं.

दोन उरली. एक पूर्ण लोखंडी, बाजूला सेफ्टीचा खटका. दुसरं प्लास्टिक मुठीचं, हलकं, खटका नाही. उपसा आणि चालवा. मला दुसरं आवडलं. कोणी घरात शिरल्यावर खटके कोण शोधत बसणार?

निघताना शेठ म्हणाला, “हसबंड को भी दिखा लेना.” नाही म्हटलं, नवरा नाही. “तो भाई को.” ते प्लास्टिकचं त्याच्या दुकानातून घेणार नव्हते, पण शहरात दुसरं चांगलं दुकान नाही. याचाही राग आला.

९ मार्च, रविवार

योगराज सरांना दोन्ही सांगितली.

“खटकावालं घ्या,” ते लगेच म्हणाले.

“का? मी बाई आहे म्हणून?”

“तुम्ही तापट आहात म्हणून.”

मग त्यांनी सगळं रीतसर विचारलं. घरात कुठे ठेवणार? म्हटलं, उशाशी. ते म्हणाले, उशाशी नाही, भिंतीत बसवलेल्या तिजोरीत, आणि गोळ्या वेगळ्या. म्हटलं, मग चोराला थांबायला सांगायचं का, तिजोरी उघडते म्हणून?

“घरात आणखी कोण असतं?”

“बाबा.”

“तब्येत कशी आहे त्यांची?”

“ठणठणीत. माझ्यापेक्षा जास्त चालतात.”

खरंच चालतात. काल मी पाळीहून आले तर घरात नव्हते. अंधार पडायच्या आत आले, चपला चिखलाने भरलेल्या, धापा टाकत, पण चेहरा खूश. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, “ड्युटी होती ना, चंपा.” झोपेत होते, आईचं नाव आलं तोंडात.

छर्रे आज डावीकडे कमी गेले. खाली अजून जातात.

२१ मार्च, शुक्रवार

चोर सापडला. दागिने नाही सापडले, ते वितळले असणार. दुसऱ्याच चोरीत धरला आणि आमचंही कबूल केलं. एकटाच होता. चोविसेक वर्षांचा, गुटखा खाऊन दात सडलेले. मला ओळखायला बोलावलं, मी काय ओळखणार? समोर उभा केला तेव्हा हात शिवशिवत होते.

जमादाराने त्याचा जबाब वाचून दाखवला. म्हणे पतंग पकडायला गल्लीत आलो होतो. दार उघडंच होतं. दादा म्हणाले, आलास का लोकेश, बस. पाणी दिलं. कपाट त्यांनीच उघडून बायकोच्या वस्तू दाखवल्या. मग मी घेतल्या तेव्हा ओरडायला लागले म्हणून ढकललं.

“सांभळ्यूं बेन?” जमादार म्हणाला. ऐकलंत का. जणू गुन्हा बाबांनी केला.

मी म्हटलं, चोराचं ऐकता आणि म्हाताऱ्या माणसाचं ऐकत नाही. अनोळखी माणसाला पाणी देणं आमच्या घरात चूक नाही. बाकीचं तो शिक्षा कमी व्हावी म्हणून रचतोय, एवढं तुम्हाला कळत नाही का? लोकेशचं नाव काय, भिंतीवर त्याचा लग्नातला फोटो आहे, खाली नाव छापलंय. वाचलं असेल.

घरी आल्यावर बाबांना विचारलं. तुम्ही त्याला लोकेश म्हणालात का?

“लोकेश आलता ना,” बाबा म्हणाले. “लय वाळला हाय. जेवला नाई.”

त्यांच्या मनावर केवढा परिणाम झाला आहे. त्या पोराला फासावर द्यायला पाहिजे.

लायसन्सचा अर्ज उद्या कमिशनर ऑफिसला देणार.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. मिरवणुकीत मीही होते, निळी साडी, पाय दुखेपर्यंत चालले. बाबांना विहारातल्या पोरांच्या ताब्यात दिलं होतं, तुम्ही यांच्याबरोबर राहा, मी बायकांबरोबर पुढे आहे. पुतळ्याजवळ सगळे जमले तेव्हा बाबा नाहीत. पोरं म्हणाली, ताई, आत्ता तर इथेच होते.

विहार, घर, दवाखाने, सगळं पालथं घातलं. शेवटी रेल्वेच्या एका गँगमनचा फोन आला. बाबांच्या खिशातल्या जुन्या ओळखपत्रामागे माझा नंबर आहे. उधना स्टेशनच्या पुढे रुळांवरून चालत होते. हातात लाकडाचा एक दांडका, त्याने चाव्या ठोकत. मागून मालगाडी येत होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, शेवटी गँगमनने ओढून बाजूला घेतलं.

तो गँगमन मला म्हणाला, “इनको अकेला मत छोडा करो.” मी म्हटलं, मी सोडलं नव्हतं, लोकांनी सोडलं. रात्रंदिवस डीजेवर नाचता येतं, एक म्हातारा सांभाळता येत नाही. विहारात जाऊन त्या पोरांना जे बोलले ते वत्सलामावशींनी पुढच्या गल्लीत ऐकलं म्हणे.

मावशी म्हणाल्या, “प्रज्ञा, पोरांची चूक नाही गं. दादांना आता…”

“काय आता?”

सगळ्यांना वाक्य अर्धं सोडायची सवय आहे.

बाबांना झोप लागली आहे. पोरगी म्हणून मी एवढंच बघते की माणूस चाळीस वर्षं जे काम करतो ते पाय विसरत नाहीत. सणाच्या दिवशी जुने दिवस आठवले असतील.

२९ मे, गुरुवार

लायसन्सच्या चौकशीला शिपाई घरी आला. शेजाऱ्यांना विचारलं, मला विचारलं, भांडणं होतात का, दारू कोण पितं. मावशींनी काय सांगितलं माहीत नाही, पण बोलून बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हत्या.

मग बाबांकडे वळला. “दादा, घरमां पिस्तोल आवशे. वांधो नथी ने?”

बाबा खुर्चीतून ताडकन उठले, सलाम ठोकला. “बीट क्लिअर हाय, साहेब. सगळ्या चाव्या टाइट.”

शिपाई खूप हसला. त्याला वाटलं दादा मजेशीर आहेत. मलाही हसू आलं. लोकेश म्हणतो बाबा चेष्टा करत नाहीत, आज इथे पाहिजे होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लायसन्स आलं. इतक्या महिन्यांत कितीदा त्या ऑफिसच्या जिन्यावर उभी राहिले ते लिहीत नाही, पुन्हा डोकं फिरेल. चोर सापडला ना, मग आता धोका काय, असं साहेब विचारायचे. मी म्हणायचे, सुरतेत तो एकच चोर आहे का? क्लबचे सात महिने आणि एफआयआर, दोन्हींमुळे झालं असावं.

लोकेशला फोन केला.

“ताई, तू झोपलेली असतेस तेव्हा बाबा घरात फिरत असतात.”

“मग?”

“मग काही नाही. तिजोरीत ठेव. एवढं तरी ऐक.”

मी त्याला सांगितलं, तुझ्या बायकोला विचार महिन्यातून एकदा तरी बाबांना न्यायला तयार आहे का. मग मला अक्कल शिकव. फोन ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेवटी लोखंडी घेतलं, खटकावालं. सरांनी क्लबवर त्यांच्या ओळखीच्यांची दोन्ही चालवायला दिली होती. हलकं हातात उडतं, दुसरी गोळी कुठेही जाते. लोखंडी झटका खातं आणि जागेवर परत येतं. पहिल्यांदा पाच गोळ्या एका बशीत मावतील एवढ्यात बसल्या. सर म्हणाले, “आता राग कमी झालाय.” झालेला नाही. सरळ जायला शिकलाय.

शेठने या वेळी चहा मागवला.

भिंतीत तिजोरी बसवली. पण नाइट करून आल्यावर मी दिवसा झोपते, तेव्हा ते उशाजवळच्या ड्रॉवरमध्ये असतं, गोळ्या घातलेलं. चोरी दिवसाच झाली होती. त्या वेळेपुरती बाबांना मावशींकडे टीव्हीसमोर बसवून येते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल काही लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण लिहिलं नाही तर उद्या मी ते दुसऱ्याच कोणत्या तरी तऱ्हेने आठवेन.

नाइट करून आले. बाबांना आंघोळ, पोळी-भाजी, मग मावशींकडे पोचवलं. खोलीला जाड पडदे आहेत, लावले की भर दुपारी अंधार होतो. झोपले.

कपाटाच्या लोखंडी दाराच्या आवाजाने जाग आली. कपाटापाशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. डोक्याला, तोंडाला कापड गुंडाळलेलं, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कपड्यांखाली चाचपत होतं. मला विचार करायला काही उरलं नव्हतं. दहा महिने हेच डोळ्यांपुढे ठेवलं होतं. ड्रॉवर, मूठ, स्लाइड. उठून उभी राहिले, दोन्ही हात समोर. माशी त्याच्या पाठीवर बरोबर मधोमध आली. रेंजवरही कधी इतकी स्थिर आली नव्हती.

“हलू नकोस. हात वर.”

तो वळला. काठी खाली पडली. हात वर झाले.

“घ्या,” तो हळूच म्हणाला, कुजबुजून. “काय पायजे ते घ्या. पन आवाज नका करू. माही पोरगी नाइट करून आली हाय. झोपली हाय. तिले उठवू नका.”

आवाज माझ्या कानात शिरला, पण हात खाली यायला वेळ लागला. किती ते माहीत नाही.

“बाबा, मी आहे. प्रज्ञा.”

“नाई. प्रज्ञा झोपली हाय.” त्यांनी माझ्या पलंगाकडे बोट दाखवलं. गोधडी गोळा होऊन पडली होती. “तिले काई करू नका, बाई. तिची माय नाई.”

ते माझ्याकडे तोंड करूनच, हात वर ठेवून, सरकत सरकत पलंगापाशी गेले आणि गोधडीच्या पुढे उभे राहिले. माझ्या आणि गोधडीच्या मध्ये. माझा बाप मला माझ्यापासून वाचवत होता.

मी बाहेर आले. मॅगझिन काढलं. स्लाइड ओढून नळीतली गोळी काढली, ती घरंगळत फ्रिजखाली गेली, पालथी पडून हाताने काढली. मग खटक्याकडे पाहिलं. तो खाली होता. सेफ्टी मीच उघडली होती. कधी, ते आठवत नाही. बोट कुठे होतं तेही आठवत नाही. सर म्हणतात बोट नेहमी चापाच्या बाहेर. मी बाहेरच ठेवलं असणार. पण आठवत नाही.

खोलीत डोकावले तर बाबा पलंगाच्या कडेला बसून गोधडीवर हळूहळू थोपटत होते.

मावशी धावत आल्या. देव्हाऱ्यात दिवा लावायला उठल्या होत्या, तेवढ्यात खुंटीवरची आमची जादा चावी घेऊन दादा निघाले. थंडी वाजते म्हणून त्यांचीच शाल डोक्याला गुंडाळून आले होते. मावशी रडायला लागल्या, माझं लक्ष राहिलं नाही म्हणून. मी त्यांना काही बोलले नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मेंदूच्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, आत्ता कोणता महिना चालू आहे? बाबा म्हणाले, “बदली झाल्यावर सांगतो.” घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी गोल काढला आणि आतल्या सगळ्या आकड्यांच्या जागी लहान लहान रेघा मारल्या, रुळांसारख्या. डॉक्टर म्हणाले, हे दोन-तीन वर्षं तरी चालू असणार, लक्षात नाही आलं का कोणाच्या?

लोकेश शेजारी बसला होता. मला वाटलं आता बोलेल. बोलला नाही. रिक्षात बसल्यावर मीच म्हटलं, “बोल ना, म्हण, मी सांगत होतो.”

“काय उपयोग?”

“मला राग तरी येईल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाबांच्या मफलरची गाठ सारखी केली. एवढी वर्षं याच्यावर ओरडून मी त्याला गप्प बसायला शिकवलं, आणि आता तो गप्प बसतो म्हणून मी चिडते.

पिस्तुलाचं त्याला सांगितलं. सगळं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पिस्तूल दुकानात जमा करून आले. लायसन्सवर नोंद होते, ते त्यांच्या तिजोरीत राहतं, रेंजला जाताना काढायचं आणि परत द्यायचं. शेठने उलटसुलट करून पाहिलं.

“क्यों बेन, चली नहीं?”

“नहीं चली,” मी म्हटलं. त्याने खराब निघालं असं समजून खटका वरखाली केला, म्हणाला, कंपनीला पाठवून देतो. सांगितलं, ठीक आहे सगळं, नुसतं ठेवा.

प्लांटमध्ये नाइट बंद करून घेतल्या. सुपरवायझर कुरकुरला, त्याच्याशी भांडले. भांडल्यावर बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी योग्य माणसाशी भांडल्यासारखं.

लोकेश आठवडाभराची रजा काढून राहायला आला आहे. संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभा राहिला तर बाबा लगेच, “लोकेश, ये ये. चंपा, लोकेश आला पहा.” बिनचूक. चेहरा फुललेला. वर्षात दोनदा येणाऱ्याला ओळखतात. मी रोज नखं कापते, दाढी करते, संडासाचा दरवाजा कुठे आहे ते हाताला धरून दाखवते, आणि माझं नाव सकाळपासून एकदाही आलेलं नाही. इतका संताप आला की हातातलं पीठ परातीत तसंच आपटलं. कोणावर आला ते विचारू नये. त्यांच्या आजारावर असेल. असू दे.

भाकरी थापत होते. बाहेर दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. बाबांनी लोकेशला जवळ बोलावलं असावं, आवाज खाली केला होता, पण त्यांना वाटतं तेवढा तो खाली जात नाही.

“लोकेश, थे आत बाई हाय ना.”

“हो, बाबा.”

“लय भांडते. पन मन लावून करते. तिले जाऊ देऊ नको.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. एक बाजू करपली होती, ती माझ्या ताटात घेतली आणि बाबांसाठी दुसरी थापायला बसले.